तिसरं रीडिंग

"सारांश सगळ्यात शेवटी लिहायचा," थोरबोले सर म्हणाले, "आणि प्रस्तावना त्याच्या आधी. लोक उलटं करतात. आधी प्रस्तावनेलाच हात घालतात आणि तिथंच घोडं पेंड खातं. तू टेबलांपासून सुरू कर. आकडे नीट लागले की बाकीचं आपसूक मागं येतं."

मंजुषाने मान हलवली. सरांनी एका जुन्या उत्तरपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर पेन्सिलीने चौकटी आखल्या होत्या. तीन टेबलं, दोन आकृत्या, खाली पद्धत, त्याच्या खाली निष्कर्ष आणि चर्चा. सगळ्यात वर एक रेघ रिकामी सोडली होती. तिथं लेखकांची नावं यायची होती.

"जमंल ना?"

"जमंल, सर."

"घाई न्हाई. पण ऑगस्टच्या आत जर्नलकडं गेला पाहिजे. तेवढंच त्याच्या नावावर राहील."

त्याच्या म्हणजे उत्तरेश्वरच्या. उत्तरेश्वर केदार, मंजुषाचा नवरा, थोरबोले सरांचा पीएच.डी.चा विद्यार्थी. फेब्रुवारीत बीडहून मोटारसायकलवर येताना मांजरसुंब्याच्या घाटात उभ्या ट्रकवर मागून आदळला आणि जागेवरच गेला. चार वर्षांचं काम लॅबच्या कपाटात तीन वह्यांमध्ये राहिलं. पदवी आता कुणाला देणार? पण कामाचा पेपर होऊ शकत होता. सरांच्या बढतीच्या फाइललाही एक पेपर हवा होता. ते त्यांनी लपवून ठेवलं नाही, पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. मंजुषा याच विभागातून एम.एस्सी. झालेली. लग्नानंतर नांदूरघाटला अकरावी-बारावीच्या पोरांना रसायनशास्त्र शिकवायची. या वह्यांतलं अक्षर आणि त्यातलं शास्त्र, दोन्ही वाचू शकेल असं माणूस दुसरं कोण होतं?

ती हो म्हणाली. नाही म्हणायलाही काहीतरी वाटावं लागतं, आणि तिला काहीच वाटत नव्हतं.

तो गेल्यापासून ती रडलीही नव्हती. दहाव्याला जमलेल्या बायका चंद्रभागाबाईंना म्हणाल्या होत्या, सुनेला रडवा, न्हाईतर आत साचून बसंल. चंद्रभागाबाई, उत्तरेश्वरची आई, तेव्हा एवढंच म्हणाली होती, "ऱ्हाऊ द्या तिला. तिचं तिला कळतंय." खरं तर मंजुषाला काही कळत नव्हतं. सकाळी उठायची, अंगण झाडायची, भाकरी करायची. कुणी जेव म्हटलं की जेवायची, रात्री उघड्या डोळ्यांनी पडून राहायची. आता त्यात एका गोष्टीची भर पडली. दहाच्या काळ्यापिवळ्या जीपने तालुक्याला जायचं आणि लॅबच्या बाजूच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसून टेबलं भरायची.

काम साधं होतं, निदान सांगायला साधं. डोंगरपट्ट्यातल्या काही वस्त्यांवर बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त. पोरांच्या दातांवर तपकिरी पट्टे पडतात, उतारवयात सांधे धरतात. ते पाण्यातून काढायची यंत्रं आहेत, पण महाग, आणि एकदा बिघडली की पुन्हा कुणी त्यांच्याकडं फिरकत नाही. उत्तरेश्वरच्या डोक्यात पाचट आलं. ऊस तोडल्यावर फडात जो वाळका पाला राहतो आणि शेवटी पेटवून देतात, तो. त्याचा भट्टीत कोळसा करायचा, कोळशाला तुरटीच्या पाण्याचा हात द्यायचा आणि तो पाण्यात घालून हलवायचा. फ्लोराइड कोळशाला धरून बसतं. पाणी गाळून घेतलं की झालं.

त्याची आई बावीस वर्षं ऊस तोडत होती. नवरा मेल्यावर दिराच्या टोळीबरोबर जायची, पोराला गावात बहिणीकडं ठेवून. चार वर्षांपूर्वी उत्तरेश्वरने तिला कायमची घरी आणली. त्या शेवटच्या सालात तिने पाचटाचं एक पोतं भरून, तोंड सुतळीने शिवून, ओळखीच्या ट्रकवाल्याबरोबर नांदूरघाटला पाठवलं होतं. पोरगा पाचट मागतोय म्हटल्यावर टोळीतली माणसं हसली होती.

मंजुषा आता ते इंग्रजीत लिहीत होती. पाचट गोळा करण्यात आलं. धुण्यात आलं. वाळवण्यात आलं. पाचशे अंशांवर दोन तास तापवण्यात आलं. रसायनशास्त्राच्या पेपरात असंच लिहायचं असतं; कुणी केलं ते येत नाही. ते तिला बरं वाटायचं. बोटं चालायची, वाक्यामागून वाक्य जायचं आणि कुठंच कुणी माणूस उभा नसायचा.

"काय लिव्हलंस आज?" संध्याकाळी चंद्रभागाबाई विचारायची.

"पाचट कसं धुतलं ते."

"त्यात काय लिव्हायचं? पाचट धुवायला बी शिकावं लागतंय व्हय?"

"किती येळा धुतलं ते सांगावं लागतं, आत्या."

"तीनदा लिव्ह. मी बघितलंय. ह्याच हौदात धुतलंय त्यानं, तीनदा. सगळ्या आंगणात राडा केलता."

वहीतही तीनदाच होतं. मंजुषाने तीनदा लिहिलं.

पहिलं टेबल दोन दिवसांत झालं, दुसरं तीन दिवसांत. तिसरं टेबल आम्लतेचं होतं. पाणी जास्त आंबट असेल तेव्हा कोळसा शंभरातलं किती फ्लोराइड ओढतो, कमी आंबट असेल तेव्हा किती, असे सहा टप्पे. प्रत्येक टप्प्यावर रीडिंग तीनदा घ्यायचं, तिन्हींची सरासरी काढायची आणि तीन आकडे एकमेकांपासून किती लांब पडले तेही सांगायचं. जर्नलवाले त्याशिवाय पेपर उघडूनही बघत नाहीत.

ती आकडे भरत गेली. एक्याण्णव पूर्णांक दोन. नव्वद पूर्णांक आठ. तिसरं, बरोबर एक्याण्णव. खालची ओळ: सत्त्याऐंशी पूर्णांक चार, सत्त्याऐंशी शून्य. तिसरं, सत्त्याऐंशी पूर्णांक दोन. तिसऱ्या ओळीला तिचा हात थांबला. सहाही टप्प्यांवर तिसरं रीडिंग पहिल्या दोघांच्या बरोबर मध्ये होतं. पट्टी लावून मोजल्यासारखं.

पहिल्या दोन रकान्यांच्या तारखा डिसेंबरच्या सुरुवातीच्या होत्या. तिने तिसऱ्या रकान्याशेजारी समासातली तारीख बघितली. सोळा डिसेंबर. पुढच्या दोन टप्प्यांना सतरा. शेवटच्या दोन टप्प्यांना अठरा.

सोळा डिसेंबरला पहाटेच तिच्या पोटात कळ आली होती. सातवा महिना होता. आदल्या दिवसापासून बाळाची हालचाल जाणवत नव्हती. उत्तरेश्वरने जीप केली आणि तिला अंबाजोगाईला नेलं. सोळाला, सतराला आणि अठराला दुपारी सोडेपर्यंत तो वॉर्डच्या दाराशी बाकावर बसून होता. तपकिरी स्वेटर, गुडघ्यावर तिची फाइल. ती जेव्हा जेव्हा मान वळवायची तेव्हा दाराच्या काचेतून त्याचा खांदा दिसायचा. एकदाही ती काच रिकामी दिसली नव्हती. मुलगी होती, एवढं नर्सने सांगितलं होतं. तिला त्याने एकट्याने, कुठंतरी, पुरलं. कुठं ते मंजुषाने विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही.

वीस तारखेला त्याला समितीपुढं कामाचा अहवाल मांडायचा होता.

मंजुषाने वही जवळ ओढली. तिसऱ्या रकान्याची शाई वेगळी होती. बाकी सगळी वही काळ्या जेलपेनाची, हा रकाना साध्या निळ्या पेनाचा. आता आपल्याला काहीतरी वाटायला पाहिजे, असं तिच्या मनात आलं. तिने वाट बघितली. पंख्याचा आवाज येत होता. खिडकीबाहेर अकरावीच्या प्रवेशाची रांग लागली होती आणि कुणीतरी कुणाला तरी दाखल्याची झेरॉक्स आणायला पिटाळत होतं.

बाजूच्या लॅबमध्ये आश्रुबा नळ्या धूत होता. लॅबचा परिचर, तीस वर्षं याच खोलीत. सर बदलले, कपाटं बदलली, आश्रुबा तोच. ती उठून त्याच्याकडं गेली.

"मामा, डिसेंबरात, सोळा-सतरा-अठराला, हे लॅबमधी आलते का?"

आश्रुबाने नळ बंद केला. "न्हाई, ताई. तुमी दवाखान्यात व्हत्या की. चावी माझ्यापशीच व्हती. मी रोज उघडायचो, झाडायचो, बंद करायचो." मग जरा थांबून म्हणाला, "कावून इचारता?"

"असंच."

"एकोणीसला आलते. लई गप व्हते. मी च्या दिला, तो बी तसाच ठिवला."

दुसऱ्या दिवशी तिने वही थोरबोले सरांपुढं ठेवली आणि बोट लावून दाखवलं. सरांनी चष्मा लावला, मग काढला.

"तुझ्या लक्षात आलं म्हणून," ते शेवटी म्हणाले. "नाहीतर कुणाच्या आलं नसतं. माझ्याही आलं नाही, आणि मी सही केलीय खाली."

"टेबलात टाकता येणार न्हाई ते, सर."

"बघ, मंजुषा. तिसरं रीडिंग दोघांच्या आसपासच येतं. त्यानं खरंच घेतलं असतं तरी तेच आलं असतं. चार वर्षं त्या पोरानं काम केलं, एका रकान्यासाठी..." त्यांनी वाक्य तसंच सोडलं. "गेलेल्या माणसाचं आपण झाकून ठेवावं. कोण बघतंय?"

"मी बघितलंय, सर."

सर खिडकीबाहेर बघत राहिले. "मग काय करायचं? दोन रीडिंगवर कुणी घेत नाही. अख्खं टेबल काढलं तर पेपरात उरतं काय?"

"रीडिंग घेऊ."

"कोण घेणार? तुला लॅब सोडून सहा वर्षं झाली."

"आश्रुबामामा हायेत की. मी करते."

सर तिच्याकडं बघत होते. ती रागावलेली नव्हती, दुखावलेलीही दिसत नव्हती. डबा राहिला म्हणून परत घरी जाणाऱ्या माणसाने सांगावं तसं तिने सांगितलं होतं. त्यांनी लॅबच्या रजिस्टरात तिचं नाव लिहिलं आणि सही केली.

उत्तरेश्वरने केलेल्या कोळशाची एकच बाटली कपाटात उरली होती. तीच घ्यायला हवी होती. नवा कोळसा केला तर तो दुसरा कोळसा, त्याचं रीडिंग जुन्या दोघांशेजारी बसवता येत नाही. बाटलीवर त्याच्या अक्षरात चिठ्ठी होती: पाचट, तिसरी खेप, पाचशे अंश. आश्रुबाने बाटली हलवून बघितली. "तळाशीच हाय, ताई."

पाच महिने बंद कपाटात राहून त्याने ओल धरली असणार, म्हणून आधी ओव्हनमध्ये वाळवला. मग वजन केलं. सात ग्रॅम आणि वर थोडा. एका रीडिंगला एक ग्रॅम लागायचा. रीडिंगं सहा.

"एक चुकलं तर चालतंय," आश्रुबा म्हणाला. "दोन न्हाई."

जुलैचे ते तीन दिवस मंजुषाला पुढंही दिवस म्हणून आठवले नाहीत, नुसते हात आठवले. आपलेच, पण जरा लांबून बघितलेले. ते हात फ्लोराइडचं पाणी बनवत होते, आम्लाचा थेंब सोडत होते, आकडा बघत होते, पुन्हा अर्धा थेंब. पहिल्या दिवशी दोन रीडिंगं झाली. सुरुवातीला तिला पिपेट धरायला जमेना. आश्रुबाने न बोलता आपला अंगठा कसा ठेवायचा ते दाखवलं, एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला दाखवलं होतं तसंच. पाणी गाळून झालं की त्यात लाल रंगाचं औषध घालायचं. फ्लोराइड जितकं जास्त तितका तो लाल रंग फिका पडतो. किती फिका पडला ते यंत्र सांगतं.

दुसऱ्या दिवशी चौथ्या रीडिंगला फ्लास्क हलवणाऱ्या यंत्राची पकड सैल झाली आणि फ्लास्क कलंडला. काळं पाणी टेबलावरून फरशीवर आलं. मंजुषा बघत उभी राहिली.

"मपली चूक," आश्रुबा घाईने म्हणाला. "पकड मी आवळायला पायजे व्हती."

"असू द्या. एक चुकलं तर चालतंय म्हणलात ना." तिने फडकं घेतलं आणि फरशी पुसली. फडकं काळं झालं. ते तिने पिळून ठेवलं.

तिसऱ्या दिवशी शेवटच्या रीडिंगसाठी तिने बाटली कागदावर उलटी केली आणि तळाशी बोटाने टिचक्या मारल्या. एक ग्रॅमला जेमतेम पुरलं. यंत्राने आकडा दाखवला, तिने तो वहीत लिहिला, खाली तारीख आणि आपलं नाव. काळं पेन आश्रुबाने दिलं.

मग तो रिकामी बाटली हातात घेऊन उभा राहिला. लॅबचा नियम, रिकामं झालं की धुऊन पालथं घालायचं.

"ही धुवू का, ताई?"

मंजुषाने बाटलीकडं बघितलं. आतल्या बाजूला काळी भुकटी चिकटली होती.

"धुवा."

पाणी लागल्यावर चिठ्ठी सुटून आली. आश्रुबाने ती दोन बोटांनी उचलली आणि बेसिनच्या वरच्या पांढऱ्या टाइलवर चिकटवून ठेवली.

आकडे खाली आले होते. सगळ्यात चांगल्या टप्प्यावर जिथं एक्याण्णव यायला हवं होतं तिथं जेमतेम पावणेपंच्याऐंशी आलं. तिन्हींची सरासरी एकोणनव्वदला टेकत होती. आकृतीतल्या प्रत्येक टिंबाला जी उभी रेघ द्यायची असते, आकडे किती पांगले ते सांगणारी, ती आधी दिसतही नव्हती एवढी छोटी होती. आता लांब झाली.

"पेपर कमजोर झाला," सर म्हणाले.

"व्हय."

"पण आता कुणी काही म्हणू शकणार नाही." त्यांनी ती उत्तरपत्रिका काढली, चौकटींवरची रिकामी रेघ समोर घेतली आणि पहिल्यांदा उत्तरेश्वरचं नाव लिहिलं. मग पेन्सिल थांबली. "तुझं?"

"आभारात टाका, सर."

"आभारात तुरटी देणाऱ्याला टाकतात. ज्यानं रीडिंग घेतलं त्याचं नाव वर जातं." त्यांनी दुसरं नाव तिचं लिहिलं, तिसरं स्वतःचं. "लिहिलं ते लिहिलं. आता सारांश लिही."

सारांश अडीचशे शब्दांचा. चार वर्षं, एक पोतं पाचट, तीन वह्या. तिने तो एका बैठकीत लिहिला. शब्द मोजले तर दोनशे एकतीस भरले.

पेपर पाठवायचा म्हणजे जर्नलच्या वेबसाइटवर फॉर्म भरायचा. तिथं प्रत्येक लेखकाचा ईमेल विचारतात, आणि प्रत्येकाने आपल्या मेलवर आलेली लिंक दाबून संमती द्यायची. उत्तरेश्वरच्या रकान्यात काय भरायचं? त्याचा मोबाइल घाटात फुटला होता. सरांनी संपादकांना मेल लिहिली. चार दिवसांनी उत्तर आलं, दोन ओळींचं, सभ्य. नावापुढं एक छोटी खूण करा आणि पानाच्या तळाशी त्या खुणेचा अर्थ द्या. संमतीची गरज नाही.

खूण मंजुषाने केली. तळाशी तो अर्थही तिनेच टाइप केला. इंग्रजीतला एकच शब्द. तहसीलच्या कागदावर त्याला मयत म्हणतात. ती टाइप करत होती तेव्हा सरांनी खुर्ची कपाटाकडं फिरवली आणि नसलेली फाइल शोधत राहिले.

सप्टेंबरच्या शेवटी तपासणाऱ्यांचे शेरे आले. दोघं होते, नावं कळत नाहीत. एकाने इंग्रजी सुधारायला सांगितलं. दुसऱ्याने बारा प्रश्न विचारले. त्यातला नववा असा: तिसऱ्या टेबलातली पहिली दोन रीडिंगं डिसेंबरची आणि तिसरं जुलैचं, असं का? मध्ये सात महिने कशासाठी गेले? खुलासा करावा.

बाकीच्या अकरांची उत्तरं तिने दोन दिवसांत लिहिली. नवव्याला ती बसली आणि लिहीत गेली. सोळा डिसेंबर, जीप, अंबाजोगाई, सातवा महिना. बाक, स्वेटर. समितीचा अहवाल वीसला होता हेही लिहिलं, निळी शाई लिहिली, मधोमध बसवलेले आकडे लिहिले, फेब्रुवारी लिहिला. पानभर झालं. तिने ते सरांना वाचायला दिलं.

सरांनी सगळं वाचलं. दवाखान्याचं त्यांना माहीत होतं, पण एवढं माहीत नव्हतं. त्यांनी चष्मा टेबलावर ठेवला आणि दोन्ही हातांनी चेहरा चोळला.

"सगळं खरं आहे," ते म्हणाले. "पण मंजुषा, त्या माणसाला कारण पाहिजे. हे त्याच्याजवळ दिलं तर तो काय करील याचं? कुठं ठेवील?"

"काढते."

"रीडिंग उत्तरेश्वरनं घेतलं नव्हतं, हे ठेव. तू घेतलंस, हे ठेव. बाकीच्याला इंग्रजीत दोन शब्द आहेत."

ती परत जागेवर बसली. आधी स्वेटर काढला, मग बाक काढला. जीप गेली, काच गेली. सातवा महिना काढताना बोट पुसायच्या बटणावर थोडं जास्त वेळ राहिलं आणि पुढची ओळही पुसली गेली, ती तिने पुन्हा लिहिली. शेवटी तीन वाक्यं राहिली. डिसेंबरच्या त्या तीन दिवशी प्रथम लेखक कौटुंबिक अडचणीमुळे प्रयोगशाळेत नव्हते. त्या तारखांना नोंदलेले आकडे प्रत्यक्ष मोजलेले नसल्याने ते वगळले आहेत. त्यांच्या निधनानंतर हा संच त्याच नमुन्यावर दुसऱ्या लेखिकेने पूर्ण केला.

ती तीन वाक्यं तिने पुन्हा पुन्हा वाचली. कौटुंबिक अडचण. इंग्रजीत दोनच शब्द, आणि त्यांच्यामध्ये एक रिकामी जागा.

"जाऊ द्या," ती म्हणाली. सरांनी बटण दाबलं.

पेपर नोव्हेंबरच्या शेवटी छापून आला. म्हणजे जर्नलच्या वेबसाइटवर आला. कागद कुठंच नव्हता. सरांनी कॉलेजच्या प्रिंटरवर नऊ पानं काढून पिन मारून तिच्या हातात दिली आणि स्टाफरूममध्ये पेढे वाटले. आश्रुबाने पेढा कपाळाला लावून खिशात ठेवला. पुढच्या सत्रापासून तासिका तत्त्वावर एक जागा निघणार आहे, अर्ज कर, असं सर म्हणाले. ती करते म्हणाली.

बाराच्या जीपने ती परत निघाली. थंडी पडली होती, पण ऊन चांगलं होतं. रस्त्याने उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या आणि जीपवाला प्रत्येक ट्रॉलीमागं वैतागून हॉर्न वाजवत होता. कोयते, म्हणजे ऊसतोडीची जोडपी, निघून गेल्यामुळं वाटेतल्या तांड्या-वस्त्यांची दारं बंद दिसत होती.

चंद्रभागाबाई ओट्यावर तुरी निवडत होती. मंजुषाने पिशवीतून कागद काढला आणि तिच्यापुढं धरला.

"आलं छापून, आत्या."

चंद्रभागाबाईने हात पदराला पुसले. कागद घेतला, उलटा धरला, मग मंजुषाने सरळ करून दिला. "कुठंय त्यो?"

मंजुषाने पहिल्या नावावर बोट ठेवलं. चंद्रभागाबाईने त्याच्या शेजारी आपलं बोट ठेवलं आणि तसंच राहू दिलं. ऊस तोडून तोडून त्या बोटाचं पेर वाकडं झालं होतं.

"आन् काय लिव्हलंय यवढं?"

"पाण्यातलं वंगाळ कसं काढायचं ते. पाचटानं."

"निघतं का मग?"

"शंभरातलं एकोणनव्वद निघतं."

चंद्रभागाबाई विचार करत राहिली. "आन् ऱ्हायलेलं?"

"ते ऱ्हातं पाण्यात."

"कायमचं?"

"व्हय. पण तेवढ्यानं काय होत न्हाई, आत्या. तेवढं माणसाला सोसतं."

"बरं," चंद्रभागाबाई म्हणाली. कागदाला तुरीचा कोंडा लागला होता, तो तिने फुंकून उडवला.

मंजुषा आत गेली. पाणी प्यायली. भिंतीला टेकून जरा बसावं म्हणून बसली आणि पिशवी उशाला घेऊन तिथंच, उघड्या फरशीवर, आडवी झाली. भर दुपार होती, चुलीवर डाळ शिजायची होती. तिचे डोळे मिटले.

थोड्या वेळाने शेजारची छबुबाई चाळणी मागायला आली आणि दारातूनच ओरडली, "मंजे, हायेस का गं घरात?"

चंद्रभागाबाईने तोंडावर बोट ठेवलं. हळूच उठून आत जाऊन चाळणी आणली, छबुबाईच्या हातात दिली. मग सुनेच्या अंगावर एक वाकळ टाकली, दार ओढून घेतलं आणि बाहेर येऊन पुन्हा तुरी निवडायला बसली. ताटात दाणे पडताना आवाज होत होता, म्हणून तिने ताट बाजूला सारलं आणि पदर पसरून त्यात दाणे टाकू लागली.